सपाटीवर चाला

डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, दोनदा "हं" केलं आणि म्हणाले, "चाला. रोज चाला. पण सपाटीवर."

हा शेवटचा शब्द मला लागला. माझी सगळी मित्रमंडळी डोंगरवेडी. शनिवारी रात्री कसारा लोकल पकडायची, रविवारी कळसूबाईच्या 1646 मीटरवर उभं राहून भगव्यासोबत फोटो काढायचा आणि सोमवारी दिवसभर ग्रुपवर मांड्या दुखत असल्याचं कौतुकाने सांगायचं. पन्नाशी उलटेपर्यंत मीही त्यांच्यात होतो, शेपटाला का होईना. आता सकाळी तळ्याभोवती चालतो म्हटल्यावर त्यातला एक म्हणाला, "तळ्याभोवती? घाण्याला जुंपल्यासारखं?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं साधारण तिसऱ्या फेरीला सुचतात.

माणसाला सपाटीवरच चालायचं असेल तर त्याने ठाण्यात राहावं. शिलाहारांच्या काळात इथे, म्हणजे श्रीस्थानकात, साठ तळी होती असं सांगतात. आता पस्तिसेक उरली आहेत. बाकीच्यांवर आपण राहतो. तलावपाळी हा शब्द मी लहानपणापासून वापरत आलो, पण त्यातली 'पाळ' म्हणजे तळ्याचा बांध हे कळायला बरीच वर्षं गेली. कुणीतरी माती ओढून आणली, बांध घातला, पाणी अडवलं, त्या बांधावरून आपण भेळ खात चालतो.

खरं तर तलावपाळीवर कुणी चालत नाही, तिथे फिरतात. मराठीने हा फरक फार छान ठेवला आहे. मासुंद्यावर, म्हणजे तलावपाळीच्या तळ्यावर, फिरायला जायचं. अंगावर बरे कपडे, हातात कणीस, शेजारी गडकरी रंगायतन, कौपिनेश्वराला लांबूनच हात जोडायचे आणि ओळखीचं कुणी दिसलं तर तिथेच थांबून अर्धा तास. दिवाळीच्या पहाटे तर पाय उचलायची गरजच पडत नाही, गर्दीच पुढे नेते. कचराळी तळ्याला मात्र चालायला जातात. (नावावर जाऊ नका. आमचे नागपूरचे पाहुणे गेले होते आणि "आम्ही कचऱ्याकडे नाही येणार" म्हणाले होते.) तिथे कोपर काटकोनात, नजर समोर आणि तोंडावर जिद्द. निम्म्या ठाण्याची साखर तिथे रोज सकाळी खाली येते.

आणि उपवन तळ्याला हिंडायचं.

टीएमटीच्या बसने उतरलं की समोर पाणी आणि पाण्यामागे येऊरचा डोंगर, इतका जवळ की तो तळ्यात पाय सोडून बसल्यासारखा वाटतो. डोंगर पश्चिमेला असल्यामुळे सकाळी एक गंमत होते. सूर्य आपल्या पाठीमागे इमारतींत अडकलेला असतो, पण त्याचं ऊन आधी डोंगराच्या माथ्याला लागतं. मग ते उतरणीवरून खाली सरकत येतं, झाडांवरून, पायथ्यावरून, आणि बऱ्याच वेळाने पाण्यात पोचतं. म्हणजे उपवनला सकाळ वरून खाली येते. चढून वर जाणाऱ्यांना हे दिसत नाही. ते तोवर तिकडे धापा टाकत असतात.

त्या डोंगरापलीकडे थेट बोरिवली, आणि मधलं सगळं रान नॅशनल पार्कचं, सुमारे 104 चौरस किलोमीटर. त्यात बिबटे आहेत. आपण हातात फोन घेऊन पावलं मोजतो आहोत आणि त्या हिरव्यात कुठेतरी बिबट्या रात्रपाळी संपवून आडवा झाला असेल, हा विचार मला फार आवडतो. फाल्गुनात वर पांगारा आणि पळस पेटतात ते खालूनही कळतं. कारवीचं मात्र तसं नाही, तिच्यासाठी वर जावं लागतं. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. 2016 ला "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणता म्हणता राहिली. 2024 ला गुडघा आडवा आला. आता 2032. मी डॉक्टरांना तारीख सांगून ठेवली आहे.

उपवनला एक काका भेटतात. नाव मी विचारलं नाही, त्यांनीही माझं नाही विचारलं. सकाळच्या ओळखींचा तो अलिखित नियम आहे. सत्तरीचे असावेत. पांढरी हाफ पँट, कानटोपी बारमाही. उजव्या खिशात सहा चिंचोके. एक फेरी झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. सगळे डावीकडे आले की घरी. मी त्यांना एकदा माझा फोन दाखवला, दहा हजार पावलांचा आकडा दाखवला. जपानमध्ये 1965 च्या सुमारास पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मापक. तिथून हा आकडा जगभर झाला, हेही सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "याला चार्ज करावं लागतं ना?"

आम्ही उलट दिशांनी चालतो. त्यामुळे एका फेरीत दोनदा समोरासमोर येतो, आणि यात एक नाजूक प्रश्न आहे. पहिल्यांदा "नमस्कार" ठीक. दुसऱ्यांदा हसायचं. तिसऱ्यांदा भुवया उडवायच्या. चौथ्या वेळेपर्यंत चेहऱ्यावरचा सगळा साठा संपलेला असतो, मग दोघंही एकदम पाण्याकडे बघतो. पाण्याकडे बघायची सवय मला अशी संकोचातून लागली.

आणि त्या सवयीने ढोकरी दाखवली.

पावसाळा नुकताच संपला होता. एका कोपऱ्यात, जिथे पाणी उथळ आहे आणि थोडा चिखल शिल्लक आहे, तिथे मला एक ढेकूळ दिसलं. त्या ढेकळाला डोळा होता. ढोकरी, म्हणजे तो छोटा बगळा, बसलेली असली की अगदी मातीची असते. मानेवर मळकट रेघा, पाठ ओल्या पोत्यासारखी. खांद्यात मान घालून, पेन्शनच्या रांगेत उभी असल्यासारखी. मी उभा, ती उभी. मिनिट गेलं, दोन गेली. मग तिने एक पाय उचलला, हवेत तसाच धरला आणि इतक्या हळू खाली टेकवला की पाण्यावर वलय उठलं नाही. मान पुढे पुढे, रबर ताणावं तशी. मग काय झालं ते मला दिसलंच नाही. चोचीत मासा होता एवढंच दिसलं.

तेवढ्यात मागून कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, आणि ढेकूळ उडालं. उडताना ते पांढरंशुभ्र झालं. एवढे पांढरे पंख त्या मातकट अंगात कुठे घडी घालून ठेवले होते कोण जाणे. तिला वंचक असंही नाव आहे. ज्याने ठेवलं तोही असाच फसला असणार.

तेव्हापासून मी त्या कोपऱ्याशी थांबतो. बाकी कडेने बांधकाम आहे, फरशी आहे, कठडा आहे, बसायला बाकं आहेत. या फरशीवर माझा गुडघा खूश असतो, पावसातही पाय घसरत नाही, हे कबूल करायलाच हवं. पण ढोकरीला उभं राहायला चिखल लागतो, आणि जिथे माझी सोय झाली तिथे तिची गेली. आहे तो कोपरा कुणी 'सुशोभित' करायला घेतला तर मी काय करीन, याचा विचार अधूनमधून येतो. बहुतेक त्यावरून आरामात चालेन.

परवा काका समोरून आले, पाचवी भेट. चेहऱ्याचा साठा संपलेला, म्हणून दोघंही पाण्याकडे वळलो. ढोकरी होती. मी बोटाने खूण केली. काकांना आधी दिसेना. "ते काय, ढेकूळ?" मग डोळा दिसला. मग ते कठड्याला टेकले. आम्ही किती वेळ तसे होतो ठाऊक नाही, पण ऊन डोंगराच्या अर्ध्यावर होतं ते पाण्यात येऊन पोचलं. पाय उचलून झाला, टेकवून झाला, मासा मात्र मिळाला नाही. ती उडाली, पांढरी झाली, काकांच्या तोंडून "अगंबाई" निघून गेलं.

मग भानावर येऊन त्यांनी उजव्या खिशात हात घातला. एक चिंचोका बाहेर काढला. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हा मघाशीच टाकला होता का हो मी?"

मी म्हटलं, बघितलं नाही.

त्यांनी जरा विचार केला, चिंचोका परत उजव्याच खिशात टाकला आणि चालू लागले. या वेळी माझ्या दिशेने.