तुर्कानातल्या मिशनवर राहायला जाताय? आधी पाण्याचं विचारा

“मिशन म्हटलं की बोअरवेल आलीच, पाण्याची काय काळजी!” निघण्यापूर्वी मला दोघा-तिघा जाणत्यांनी असं छातीठोकपणे सांगितलं होतं. हे साफ खोटं आहे. केनियाच्या वायव्य टोकाला, तुर्काना तलावाच्या पश्चिमेला माझी मावसबहीण एका कॅथलिक मिशनवर सिस्टर, म्हणजे नन, म्हणून काम करते. तिच्याकडे राहून आलोय, म्हणून मागून जाणाऱ्यांसाठी लिहितो. तब्येत धडधाकट आहे, बूट, टोपी, मच्छरदाणी, पिवळ्या तापाची लस सगळं झालंय, असं धरून चालतो.

नैरोबीहून लोडवारला, म्हणजे तुर्कानाच्या मुख्य शहराला, विमान आहे, त्यात काही अडचण नाही. खरा छळ सुरू होतो तो कालोकोलचा फाटा सोडून उत्तरेला कटाबोई, नाचुकुई करत नारियोकोटोमेकडे निघालात की. रस्ता दर थोड्या वेळानं कोरड्या नदीपात्रात उतरतो. तिथं त्याला लागा म्हणतात. पात्रात भुसभुशीत वाळू, गाडी पोटापर्यंत रुतते. वाळूत उतरण्यापूर्वीच टायरमधली बरीच हवा सोडा, रुतल्यावर सोडून उपयोग नाही. फावडं आणि दोन स्टेपनी हव्यातच. आपल्याकडची वेडी बाभूळ तिकडेही माजली आहे आणि तिचे काटे टायरमधून आरपार जातात. पात्रात थांबून डबा उघडू नका. डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की लोंढा येतो.

गाडीवाल्यानं लोडवारमध्ये एक भाडं सांगितलं. अर्ध्या वाटेत डिझेल वेगळं झालं, मग त्याचा मुक्काम वेगळा, मग रिकामं परतायचे वेगळे. भर उन्हात, वाळूत उभं राहून घासाघीस होत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. तुम्ही हे तीनही खर्च आधी कागदावर लिहून घ्या. त्याहून उत्तम म्हणजे मिशनची गाडी सामान न्यायला लोडवारला कधी येते ते विचारा, त्या दिवसाशी तुमचं विमान जुळवा आणि डिझेलचे पैसे त्यांना द्या.

आता पाणी. मिशनवर बोअरवेल आहे, पण ती मिशनची नाही, सगळ्या मुलखाची आहे. पहाटे पाचला पिवळ्या वीस लिटरच्या कॅनची रांग लागलेली असते. बायका आणि पोरी कुठून कुठून चालत येतात. शेळ्या-उंटांचं टाकं वेगळं ठेवावं लागतं, नाहीतर भांडणं होतात. पंप सौरऊर्जेवर चालतो. तो बिघडला की बायका लागाच्या वाळूत माणूसभर खड्डे खणून वाटीवाटीनं पाणी उपसतात. बहीण पंपाचा आवाज ऐकूनच सांगते, आज नीट चाललाय की नाही. प्रार्थना झाली की तिचं पहिलं काम पंप, मग बालवाडीतल्या पोरांची पेज, मग झाडाखालचा दवाखाना. तिथं लेकरांच्या दंडाला पट्टी लावून कुपोषण मोजतात. दुपारी बारा ते चार कुणीही काही करत नाही, तुम्हीही करू नका. पारा चाळिशीला टेकलेला असतो. रात्री खाटा बाहेर काढून झोपायचं.

अंघोळ अर्ध्या बादलीत. भांड्यांचं पाणी झाडांना. पाणी मचूळ लागतं आणि त्या भागात फ्लोराइडही आहे. तिथल्या कित्येकांचे दात तपकिरी झालेत, आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत दिसतात तसे. समोर एवढा मोठा तलाव आहे, पण त्याचं पाणी खारट. २०१३ मध्ये तुर्कानातल्याच लोटिकिपीच्या मैदानाखाली प्रचंड भूजल सापडल्याची बातमी जगभर गाजली होती. पुढे चाचणीत ते पिण्याजोगं नाही इतकं खारं निघालं. म्हणून तिथं जाऊन “ते पाणी का वापरत नाही?” असं कृपा करून विचारू नका, सगळे विचारतात.

कॅथलिक मिशनरी या भागात १९६१च्या दुष्काळात अन्न वाटायला आले. २०२० ते २०२२ या काळात लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले, आणि जनावरं गमावलेली माणसं पुन्हा मिशनच्याच अंगणात बसली होती. हे बघितल्यावर मला त्या सिस्टरांबद्दल जो आदर वाटला, तो इतक्या वर्षांच्या पत्रांतून कधी वाटला नव्हता. “तिकडे फक्त धर्मप्रसार चालतो” असं म्हणणाऱ्यांनी एक सकाळ त्या रांगेजवळ उभं राहावं.

तलावकाठचे दिवस छान गेले. १९८४ मध्ये नारियोकोटोमेजवळ केनियाचे जीवाश्मशोधक कामोया किमेऊ यांना सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या मुलाचा सांगाडा सापडला होता, ती जागाही जवळच आहे.

चार दिवसांपेक्षा जास्त राहू नका. तुमच्या वाट्याची बादली कुणाच्या तरी कॅनमधून येते. मार्च ते मे टाळा, पाऊस आलाच तर लागा अडवतात. लोडवारहून पिण्याचं पाणी माणशी रोज पाच लिटरच्या हिशेबानं न्या. मिशनला भेट म्हणून मिठाई किंवा कपडे नेऊ नका. पंपाचा कोणता सुटा भाग हवाय ते आधी कळवायला सांगा, आणि तोच न्या.