पाण्याखालचा मेटल डिटेक्टर : परवानगीपासून पोचपावतीपर्यंत

बंदराच्या ऑफिसात जाताना मी यंत्राबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं घोकून गेलो होतो. कुठल्या कंपनीचं, किती खोल चालतं, माशांना त्रास होतो का, वगैरे. हार्बर मास्तर बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. "जे शोधायला उतरताय ते राहू दे. दुसरंच काही सापडलं तर काय करणार?" एवढं विचारून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, हात लावणार नाही, जागा नोंदवून वर येईन आणि आधी तुम्हाला सांगेन. मग कुठे त्यांनी नकाशा पुढे ओढला.

मी नोकरीमुळे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतो आणि इथल्या एका डायव्हिंग क्लबचा सभासद आहे. क्लबातल्या एका आजोबांची लग्नातली अंगठी होडी बांधताना बोटातून निसटून धक्क्यालगत पाण्यात पडली. थंड पाण्यात बोटं आक्रसतात, त्यामुळे इथे हे प्रकार नेहमीचे. माझ्याकडे पाण्याखाली चालणारा डिटेक्टर आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून काम माझ्याकडे आलं. पाण्याखाली उतरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग निघाला.

पहिला प्रश्न जागा कोणाची. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटीच्या मधला जो वाळूचा पट्टा असतो, त्यातला बराच क्राउन इस्टेट या राजमालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे आणि तिथे हौशी लोकांना डिटेक्टर फिरवायची सर्वसाधारण मुभा आहे. ती मुभा ओहोटीच्या रेषेपाशी संपते. त्यापुढच्या समुद्रतळावर ती चालत नाही, हे अनेकांच्या गावीही नसतं. बंदरांचा तळ मात्र कधी बंदराच्या संस्थेचा असतो, कधी एखाद्या जहागिरीचा. आमच्या बंदराचा तळ बंदराचाच होता, म्हणून बाईंची लेखी परवानगी पुरली. समुद्राच्या तळालासुद्धा सातबारा असतो म्हणा ना! 'मेरी रोझ' हे १५४५ साली बुडालेलं आठव्या हेन्री राजाचं जहाज शोधणाऱ्या मंडळींनी तर ती जागा दुसऱ्या कोणी बळकावू नये म्हणून समुद्रतळाचा तो तुकडा वर्षाला एक पौंड भाड्याने घेऊन ठेवला होता. तेव्हा बुडालेल्या जहाजांना संरक्षण देणारा कायदाच नव्हता. तो १९७३ साली आला, आणि जहाज १९८२ साली वर आलं.

दुसरी तपासणी त्या कायद्याखालच्या यादीची. इंग्लंडच्या पाण्यात पन्नासहून जास्त जहाजं संरक्षित आहेत. त्यांच्या भोवती आखलेल्या वर्तुळात परवान्याशिवाय डुबकी मारणंसुद्धा गुन्हा आहे, डिटेक्टर तर सोडाच. यादीतलं एक नाव वाचून मी थबकलो होतो. 'ॲडमिरल गार्डनर' हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज जानेवारी १८०९ मध्ये मद्रासला निघालं आणि केंटजवळच्या गुडविन सँड्सवर वाळूत रुतून गेलं. त्यात बर्मिंगहॅमला पाडलेली तांब्याची नाणी भरलेली होती, मद्रासच्या बाजारात चालवण्यासाठी. १९८०च्या दशकात त्यातली ढीगभर नाणी वर काढली गेली आणि आजही ती विकायला दिसतात. भारतात पोचायचे पैसे इंग्लंडच्या वाळूत पडून राहिले, हे वाचून बरं वाटलं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिसरी तपासणी १९८६ च्या, लष्करी अवशेषांच्या कायद्याची. लष्करी जहाजं नावानिशी जाहीर करावी लागतात, पण लष्करी कामावर असताना कोसळलेलं विमान आपोआप संरक्षित होतं, यादीत असो वा नसो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लिश खाडीवर किती विमानं पडली असतील याचा विचार केला की ॲल्युमिनियमचा तुकडा दिसला तरी हात मागे घ्यायला शिकतो माणूस.

बॉम्बचंही तेच. इथल्या तळावर युद्धकाळातला दारूगोळा अजून सापडतो. यंत्राला तो आणि नांगराची कडी सारखीच. आमच्या क्लबचा नियम साधा आहे: लांबट, गंजलेलं, आकार ओळखू येत नाही असं काही दिसलं की खणणं बंद. जागेची खूण ठेवायची, शांतपणे वर यायचं आणि कोस्टगार्डला कळवायचं. पुढचं काम नौदलाचे पाणबुडे करतात. यात शूरपणा दाखवू नये.

बाईंनी नकाशावर धक्क्यालगतचा एक चौकोन आखून दिला. चौकोनाच्या एका कडेला समुद्री गवत होतं, ती बाजू त्यांनी पेनाने खोडून टाकली. या गवतात समुद्रघोडे राहतात, आणि एकदा मुळं उखडली की गवत परत धरायला वर्षं जातात. डिटेक्टरवाल्यांची बदनामी झाली आहे ती अशाच ठिकाणी केलेल्या खड्ड्यांमुळे. अटी अशा: उतरण्याआधी आणि वर आल्यावर फोन, पाणबुडे खाली असल्याचा निशाण वर, एकट्याने उतरायचं नाही, खड्डे बुजवायचे.

आता यंत्राबद्दल, कारण ते घेणारे लोक इथेच फसतात. 'वॉटरप्रूफ' लिहिलेली बरीच यंत्रं तीन ते पाच मीटरपर्यंतचीच असतात. गुडघाभर पाण्यात फिरायला ठीक, स्कूबाला नाही. शिवाय खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं साधं यंत्र समुद्रात वेड्यासारखं कुरकुरत राहतं. माझं पल्स इंडक्शनचं आहे. ते कॉइलमध्ये, म्हणजे तळावर फिरवायच्या तारेच्या चकतीत, विजेचा झटका सोडतं, थांबतं आणि समोर उठलेला प्रवाह विरायला किती वेळ लागतो ते पाहतं. खाऱ्या पाण्यातला प्रवाह लगेच विरतो, धातूतला किंचित रेंगाळतो. त्या रेंगाळण्यावरच सगळा खेळ. लोखंडाचे कण असलेल्या काळ्या वाळूतही ते चालतं. तोटा एकच, पण मोठा: लोखंड आणि सोनं यांतला फरक त्याला सांगता येत नाही. म्हणजे प्रत्येक आवाज उकरून बघावा लागतो, आणि जबाबदारीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आम्ही भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस निवडले. उधाणाला इथे पाणी असं ओढतं की कॉइल सरळ राहत नाही, आणि गढूळपणा वेगळाच. भरती थांबून पाणी उलटायच्या आधी जो निवांत वेळ मिळतो, त्यात काम. धक्क्याच्या लोखंडी खांबांजवळ यंत्र नुसतं किंचाळतं, म्हणून खांबांपासून हातभर लांबूनच सुरुवात. शिसं बांधलेली दोरी तळावर टाकायची, तिच्या कडेकडेने जायचं, मग दोरी कॉइलच्या रुंदीपेक्षा थोडी कमी सरकवायची. माझी जोडीदार दोरी सांभाळते, माझ्या हवेच्या काट्यावर नजर ठेवते आणि सापडलेला कचरा जाळीच्या पिशवीत भरते. रबरी टोपीखाली हेडफोनचा आवाज दबतो. सुरुवातीला तो ऐकतानाच अर्धी हवा संपायची.

सापडतं काय? गळाची शिसं, शॅकल, कॅनची झाकणं, स्पॅनर, चमचे, वाकलेले खिळे. कचरा वर आणायचाच, असा आमचा शिरस्ता आहे, कारण तो तिथेच टाकला तर पुढच्या वेळी तोच वाजतो. आवाज आला की फावडं नाही चालवायचं. तळहात वाळूच्या वर हलवायचा, पंख्याने वारा घालावा तसा. वरचा पातळ थर उडतो, पाणी दुधाळ होतं, आणि मग थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड. पाणी निवळेपर्यंत हात पोटाशी धरून तरंगत राहायचं. अंगठी अशीच दिसली. आधी शिंपल्याची कड वाटली, एक इवला खेकडा तिच्यावर पाय ठेवून बसला होता. तो बाजूला झाला आणि पिवळी गोलाई दिसली. समुद्रात इतके दिवस राहून सोन्यावर ओरखडाही नव्हता. आजोबांनी ती बोटात घातली नाही, रुमालात बांधून खिशात टाकली. शहाणा माणूस.

पण त्याच चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक आवाज होता, रुंद आणि दमदार. वाळू उडवली तर वितभर लांबीचा हिरवट दांडा. तांब्याचा जुना बोल्ट, लाकडी जहाजांच्या फळ्या जोडायला वापरत तसला. डोक्यापाशी बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं ही खूण सरकारी मालावर, विशेषतः नौदलाच्या सामानावर मारली जायची. फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून. वर बोया सोडून जीपीएसवर जागा घेतली. बोल्ट तिथेच ठेवून वर आलो आणि ऑफिसात फोन केला.

बाईंनी एका सागरी पुरातत्त्वाच्या माणसाशी बोलून दोन दिवसांत कळवलं: आसपास जहाजाचा सांगाडा दिसत नसेल आणि होड्या बांधायच्या साखळ्या तिथे तळ घासत असतील, तर काढून घ्या, नाहीतर चुरा होईल. सांगाडा दिसला असता तर उत्तर उलट आलं असतं. एखादी वस्तू जिथे पडली आहे तिथेच ती खरं बोलते. उचलली की उरतो नुसता धातू. हाताने उचलली म्हणून ठीक. बोटीवरची विंच लावून उचलायची असती तर वेगळा सागरी परवाना लागला असता.

वर आणलेली वस्तू सुकू द्यायची नाही, घासायची तर अजिबात नाही. झाकणाच्या बादलीत, ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात, अंधारात. आमच्या गॅरेजमध्ये ती बादली बरेच दिवस होती आणि बायकोने तिच्यावर "फेकू नये" असं मराठीत लिहून ठेवलं होतं, इंग्लंडमध्ये ते वाचणारे आम्ही दोघंच.

मग कागद. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजातलं काहीही वर आणलं की २८ दिवसांत 'रिसीव्हर ऑफ रेक' या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. वस्तूची किंमत चार आणे असो की चार लाख. जमिनीवर सापडलेल्या गुप्तधनाचा १९९६ चा कायदा वेगळा. तिथे १४ दिवसांत कोरोनर या न्यायिक अधिकाऱ्याकडे जावं लागतं. समुद्राचा हिशेब रिसीव्हरकडे. फॉर्म भरायला चहा पिण्याइतका वेळ लागला. काय सापडलं, कधी, अक्षांश-रेखांश, खोली, आता कुठे ठेवलंय, फोटो. नाव-पत्ता. उत्तरात एक क्रमांक आला आणि वस्तू विकू नये, कुणाला देऊ नये, अशी सूचना.

माझ्या डोक्यात तोवर 'ज्याला सापडलं त्याचं' हेच बसलेलं होतं, लहानपणी गोट्या खेळताना बसलं तसं. इथला कायदा उलट बाजूने सुरू होतो. जहाज बुडालं म्हणून मालकी बुडत नाही. दोनशे वर्षांपूर्वी नुकसानभरपाई देणारी विमा कंपनी आज दुसऱ्या नावाने चालू असेल, तर मालक ती. रिसीव्हर मालक शोधतो, त्याला पुढे यायला वर्षभराची मुदत असते. कोणीच आलं नाही तर वस्तू राजाची. पण मग बऱ्याचदा ती शोधणाऱ्यालाच देऊन टाकतात. मालक सापडला तरी वस्तू वाचवल्याचा मोबदला मागायचा हक्क शोधणाऱ्याला असतो. म्हणजे कळवण्यात तोटा जवळपास काहीच नाही. न कळवण्यात आहे: अडीच हजार पौंडांपर्यंत दंड, मोबदल्याचा हक्क रद्द, आणि मालकाला किमतीच्या दुप्पट भरपाई. २०१४ साली केंटकडच्या जहाजांवरून वर्षानुवर्षं माल काढून घरात साठवलेल्या दोघा पाणबुड्यांना कोर्टात उभं राहावं लागलं. त्या मालाची किंमत अडीच लाख पौंडांच्या वर होती.

माझ्या बोल्टवर सरकारी खूण असल्याने मालक शोधायला लांब जायची गरज नव्हती. मधे काही महिने शांतता होती, दोन-तीन ईमेल झाल्या. मोबदला नको असं मी लिहून दिलं, आणि बोल्ट गावच्या छोट्या संग्रहालयाने मागून घेतला. पोचपावती माझ्याकडे आहे. अशी पावती नीट ठेवा, क्लबमध्ये कुणी "कशाला कळवायचं?" म्हणालं की दाखवायला बरी पडते.

हे सगळं ऐकून मालवणचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, ता मशीन घेवन ये मरे!" त्याच्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्गाच्या पायथ्याशी पडलेल्या मोहरा. मी त्याला सांगितलं, किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तिथे उकराउकरी केलीस तर आत जाशील. आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, म्हणजे वनखातं आलं. आणि जमिनीत सापडलेल्या गुप्तधनासाठी १८७८ चा कायदा आजही लागू आहे: दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. एखाद्या पर्यटक बाईचं मंगळसूत्र उथळ पाण्यात पडलं तर गोष्ट वेगळी. तिची पोलिसांकडे नोंद, वनखात्याला विचारणा, आणि मग मी यंत्र घेऊन येतो.

पलीकडे थोडा वेळ हिशेब चालला असावा. "त्यापेक्षा तू नुसतोच ये," तो म्हणाला, "मासे खावया."