रेघेच्या वर आणि रेघेच्या खाली

अमेरिकेतल्या माझ्या विद्यापीठात आमच्या ऑनर्स भौतिकशास्त्राच्या पहिल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर मोजक्या ओळींच्या सूचना होत्या. प्रश्नपत्रिका खोलीवर न्यावी. सोमवार सकाळपर्यंत सोयीच्या वेळी एकटीने बसून ती सोडवावी. पुस्तक, वही, फोन यांपैकी काहीही उघडू नये. आणि तीन तास पूर्ण झाले की जिथे हात असेल तिथे कागदावर आडवी रेघ मारावी. रेघेखाली लिहायला मनाई नाही, पण गुण मिळणार ते रेघेच्या वर जे असेल त्याचेच. देखरेखीला कोणीही असणार नव्हते.

मुंबईत बारावी केलेल्या कोणालाही ही सूचना वाचून जो पहिला प्रश्न पडेल तोच मलाही पडला. रेघ तीन तासांनी मारली की पाच तासांनी, हे कोणाला कळणार? उत्तर सोपे आहे: कोणालाही नाही. ते कळावे अशी व्यवस्थाच येथे केलेली नाही, आणि तशी ती न करण्यामागे विचार आहे, हे पचायला मला बराच वेळ लागला.

अभ्यासक्रमाबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण त्याचा सांगाडा तुम्हाला ठाऊक आहे. न्यूटनचे नियम, कार्य आणि ऊर्जा, संवेग, परिवलन, ग्रहांच्या कक्षा, आणि शेवटी विशिष्ट सापेक्षता. ज्यांना पुढे भौतिकशास्त्र किंवा गणित करायचे आहे त्यांच्यासाठी विद्यापीठ हाच विषय वेगळ्या वर्गात, कलनशास्त्राचा सढळ वापर करून शिकवते, इतकेच. सुरुवातीचे काही आठवडे मी निर्धास्त होते, आणि हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. कप्पी आणि उतरणीची गणिते मी दादरच्या क्लासमध्ये इतकी केली होती की आकृती पाहताच समीकरण दिसत असे. जेईई मेनमध्ये १८० मिनिटांत ७५ प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला २.४ मिनिटे, आणि चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. त्या घाण्यातून निघालेल्या मुलीला, साधे समाकलन करताना पानभर खाडाखोड करणारे वर्गमित्र पाहून थोडा गर्व झाला तर तो क्षम्य मानावा.

तो गर्व एका साखळीच्या गणितापाशी अडला. प्रश्न प्रसिद्ध आहे. एक बारीक साखळी वजनकाट्यावर उभी धरली आहे, तिचे खालचे टोक काट्याला जेमतेम टेकले आहे, आणि ती सोडून दिली. पडत असताना काटा किती वजन दाखवील? उत्तर असे, की त्या क्षणापर्यंत साखळीचा जेवढा भाग काट्यावर साचला असेल, त्याच्या वजनाच्या तिप्पट. एक हिस्सा साचलेल्या भागाच्या वजनाचा, आणि दोन हिस्से येऊन आदळणाऱ्या कड्यांचा संवेग थांबवण्यासाठी लागणाऱ्या बलाचे. मी हे तीन ओळींत लिहून दिले. कागद परत आला तेव्हा उत्तरापुढे बरोबरची खूण होती आणि गुण निम्मे होते.

मी अर्थातच तपासणाऱ्या टीएकडे, म्हणजे शिक्षक-साहाय्यकाकडे गेले. हा आमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, पीएचडी करणारा विद्यार्थी. तो शांतपणे म्हणाला, "उत्तर आम्हाला आधीपासूनच माहीत आहे." त्याला हवे होते ते वेगळेच. आदळणारी कडी आधीच पडलेल्या कड्यांना ढकलत नाही हे तू गृहीत धरलेस, ते लिहिले का? साखळी हाताने हळूहळू खाली सोडली तर हा दुप्पट जादा भाग नाहीसा व्हायला हवा, तो होतो का हे पाहिले का? शेवटची कडी पडली की काटा तिपटीवरून एकदम एकपटीवर यायला हवा, तुझे समीकरण ते सांगते का? हे प्रश्न मला आजही योग्य वाटतात. पण बरोबर उत्तराचे निम्मे गुण कापणे हा कंजूषपणा होता, हे माझे मत अजून बदललेले नाही, आणि मुंबईत कोणत्याही परीक्षकाने असे केले असते तर पालकांनी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला असता.

असे प्रश्न विचारणारे शिक्षण आपल्याकडे नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिम्पियाडच्या शिबिरांत मुलांकडून हेच करून घेतात, आणि ते येथल्या पहिल्या वर्षापेक्षा कठीण असते. फरक इतकाच की तिथवर मोजकी मुले पोहोचतात आणि उरलेले आम्ही २.४ मिनिटांच्या हिशेबात राहतो. "फिजिक्सच शिकायचे होते तर एवढे कर्ज काढून तिकडे कशाला?" असे विचारणाऱ्या डोंबिवलीच्या काकांना मी हेच उत्तर देत असते. ते त्यांना पटत नाही, आणि कर्जाचे व्याज पाहिले की कधी कधी मलाही पुरते पटत नाही.

आता परीक्षा. मी ती शनिवारी सकाळी खोलीत बसून दिली. एकूण चार प्रश्न होते. तीन तास झाल्याचा गजर वाजला तेव्हा तिसरा प्रश्न अर्ध्यावर होता. मी रेघ मारली, आणि ती मारताना कोणी पाहत नसतानाही आपण कोणाला तरी काही दाखवून देत आहोत, असे उगाच वाटले. माझ्या प्रामाणिकपणात त्या दिवशी थोडा तोरा होता. पेपर तपासून परत आल्यावर शेजारच्या खोलीतल्या मुलीचा पेपर मात्र मी पाहिला. तिची रेघ एका समीकरणाच्या मधोमध होती, '=' या चिन्हानंतर लगेच. रेघेखाली तिने ते समीकरण पूर्ण केले होते, पुढचा भागही सोडवला होता, आणि सगळे अचूक होते. तपासणाऱ्याने खालच्या भागाशेजारी "छान" असे लिहून शून्य गुण दिले होते. तिला यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटलेच नाही. तिने पेपर फाईलमध्ये ठेवला आणि जेवायला गेली.

त्या रात्री मी आईला फोनवर हे सगळे सांगितले. माझी आई मुलुंडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि दर फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेत पर्यवेक्षण करते. बारकोडचे स्टिकर, पुरवण्यांवरच्या सह्या, दोरा बांधणे, अचानक येणारे भरारी पथक, हे सगळे तिच्या अंगवळणी पडले आहे. तिची पहिली प्रतिक्रिया होती, "पेपर घरी न्यायचा? मग त्याला परीक्षा कशाला म्हणायचे?" मी थोड्या चढ्या आवाजात विश्वासाबद्दल बोलू लागले, तेव्हा ती म्हणाली, "हे बघ, आम्ही बाकांमधून हौस म्हणून फिरत नाही. एका गुणावरून ज्याचे कॉलेज बदलते, त्या पोराला एकट्याने घड्याळ लावून बसवणे हा त्याच्यावरचा विश्वास नव्हे, त्याचा छळ आहे."

मला तेव्हा राग आला, पण तिचे म्हणणे खोडता आले नाही. महाराष्ट्रात दरवर्षी चौदा-पंधरा लाख मुले बारावीला बसतात, आणि परीक्षेतील गैरप्रकार रोखण्यासाठी १९८२ पासून राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. इथली मुले जन्मतः सत्यवादी नाहीत. त्यांच्या या एका परीक्षेवर फारसे काही अवलंबून नसते. जमले नाही तर विषय सोडता येतो, दुसऱ्या वर्षी शाखाही बदलता येते. शिवाय विनापर्यवेक्षक परीक्षेची परंपरा येथे जुनी आहे. प्रिन्स्टनमध्ये ती १८९३ मध्ये आली, स्टॅनफर्डमध्ये १९२१ मध्ये, आणि दोन्हीकडे विद्यार्थ्यांच्या मागणीतून. मात्र त्याच स्टॅनफर्डला २०२३ मध्ये पर्यवेक्षकांसाठी दार पुन्हा किलकिले करावे लागले, हेही मी आईला आवर्जून सांगितले, आणि ती पलीकडे हसल्याचे ऐकू आले.

तरीही एका बाबतीत मी आपल्या पद्धतीची बाजू घेऊ शकत नाही, आणि ती बाब म्हणजे प्रात्यक्षिकाची वही. येथे वहीत पेनानेच लिहावे लागते. एखादे वाचन चुकीचे वाटले तर ते खोडायचे नाही. त्यावर एकच बारीक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचे. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढताना मला जाणवले की आपल्या जर्नलमध्ये सगळ्यांचे उत्तर ९.८ कसे येत असे. वाचने आधी पेन्सिलने, मग उत्तराकडे पाहून पेनाने. गंमत अशी की मुंबईत गुरुत्वत्वरणाचे खरे मूल्य ९.७९ च्या जवळ आहे, आणि येथे, बरेच उत्तरेला, ते ९.८० आहे. पृथ्वीचे फिरणे आणि विषुववृत्तापाशी असलेला तिचा फुगवटा, ही त्याची कारणे. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे पॅरिसहून लंबकाचे घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा तिथल्या कमी गुरुत्वत्वरणामुळे ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याने ते तसेच नोंदवले, आणि न्यूटनला पृथ्वीच्या आकाराबद्दल एक पुरावा मिळाला. रिशेने आमच्यासारखे जर्नल लिहिले असते तर ते घड्याळ कायेनलाही बरोबर चालले असते.

बोर्डाची परीक्षा घरी द्यावी असे मी सुचवत नाही, आणि आई ते मान्यही करणार नाही. अकरावीच्या प्रात्यक्षिकात खोडरबर बंद करून एका रेघेचा नियम आणावा, एवढेच मी तिच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न करते आहे. तिची अडचण पुढे बारावीला होणाऱ्या ३० गुणांच्या प्रात्यक्षिक परीक्षेची आहे. बाहेरून येणारा परीक्षक वहीतल्या रेघा पाहून गुण कापील, आणि मग वर्गातल्या मुलांना उत्तर तिला द्यावे लागेल, मला नव्हे. यंदा एका तुकडीपुरते करून पाहते, असे तिने म्हटले आहे; कोणती तुकडी, ते अजून ठरलेले नाही.