तीस हजार उरतात, पण कोणाच्या जिवावर

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ऑफिसातली नवीन लग्न झालेली मुलं विचारतात, लोकलच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी विचारतात, आणि आता नाशिकहून इकडे बदली होऊन येणारा चुलतभाऊ विचारतोय: मुंबईत राहून, पदरात लहान पोर असताना तुमचे पैसे उरतात तरी कसे?

पहिली गोष्ट, आम्ही मुंबईत राहत नाही. डोंबिवली पूर्वेला राहतो. नवरा लोअर परळला नोकरी करतो, मी ठाण्याला. दोघांचे मिळून महिन्याला हातात १ लाख ५ हजारांच्या आसपास येतात आणि धड गेलेल्या महिन्यात त्यातले ३० हजार बाजूला पडतात. दिवाळीच्या महिन्यात आणि शाळेची फी भरायच्या महिन्यात काही पडत नाही, तेही सांगून ठेवते.

आता हे तीस आले कुठून ते बघा. गेल्या वेळी भाडेकरार संपत आला तेव्हा आम्ही मुलुंड पूर्वेला चौकशी केली होती. वन बीएचकेचं भाडं ३४ हजार. दादरचं विचारलं तर एजंटने विषयच बदलला. आमच्या घराचं भाडं १६ हजार आहे. म्हणजे तिसातले १८ हजार नुसते पत्त्यात आहेत. कॉफी बंद करा, बाहेरचं खाणं बंद करा, सबस्क्रिप्शनं रद्द करा असे सल्ले देणारे व्हिडिओ मीही बघते, पण ते सगळं मनोभावे केलं तरी महिन्याचे दोन-अडीच हजार वाचतील. पोळ्या तर मी आठवड्यातून तीनदा पोळीभाजी केंद्रातूनच आणते. सात वाजता स्टेशनवर उतरून घरी कणीक मळण्यात कसली बचत आहे, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

पण लांब राहून पैसे वाचवा, असं मी सरळ कोणाला सांगत नाही. नवऱ्याकडे फर्स्ट क्लासचा तिमाही पास आहे (तीन महिन्यांच्या पासाला मासिक पासाच्या २.७ पट पैसे लागतात, वर्षाच्या पासाला १०.८ पट, त्यामुळे दर महिन्याला पास काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं). सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीहून फर्स्ट क्लासमध्ये चढणंसुद्धा काय असतं, ते चढणाऱ्यालाच ठाऊक. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही गेली. त्या सकाळी नवऱ्याचा फोन लागेपर्यंत मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. आमच्या १८ हजारांत ही रक्कम कुठे लिहायची? तेव्हापासून तो सातच्या आतली गाडी धरतो आणि ऑफिस उघडायच्या आधी पोचून बाहेर टपरीवर बसतो.

भाड्याबद्दल आणखी एक, कारण हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचाच करायचा, अशी सगळ्यांची समजूत आहे. महाराष्ट्रात तो पाच वर्षांपर्यंत करता येतो आणि अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करावीच लागते. अकरा महिन्यांनी करार संपला की एजंट पुन्हा दारात येतो. नव्या घराला एक महिन्याचं भाडं दलाली, त्याच घरात राहिलात तरी नूतनीकरणाचे काहीतरी, टेम्पो, हमाल, पडद्याचे नवे रॉड. आम्ही मालकांशी थेट बोलून तीन वर्षांचा करार केला, दर वर्षी ५ टक्के वाढ त्यातच लिहून टाकली. त्यांनाही भाडेकरू बदलण्याची कटकट नको होती. स्टँप ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का, नोंदणीचे १ हजार. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी आला, मालकांनी चहा घेतला, काम झालं.

मुलीच्या बाबतीत एक निर्णय आम्ही घेतला तेव्हा सोसायटीत कुजबुज झाली होती: तिच्या लसी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात दिल्या. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), रोटाव्हायरस, गोवर-रुबेला सगळ्या फुकट, आणि न्यूमोनियाची पीसीव्ही २०२१ पासून देशभर सरकारी यादीत आली आहे. खासगी दवाखान्यात हीच लस एका डोसला काही हजार घेऊन जाते. सरकारी पेंटाव्हॅलंटने दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते, रात्र जागून काढावी लागते. खासगीतल्या 'बिनवेदनेच्या' लसीने हा त्रास कमी होतो, आणि त्याचेच पैसे घेतात. आम्ही रात्र जागलो. कांजिण्या, हिपॅटायटिस ए, फ्लू या लसी सरकारी यादीत नाहीत, त्या बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घेतल्या. हे मी डॉक्टरांना विचारून केलंय, तुम्हीही विचारूनच करा.

शाळा मराठी माध्यमाची आहे. फी वाचावी म्हणून घातलं नाही, पण वाचते, आणि बरीच वाचते. त्यावर वाद घालायची आज माझी तयारी नाही.

किराणा ग्राहक पंचायतीतून येतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झाली. माझी आई जुनी सभासद, तिच्यामुळे आम्ही आलो. आसपासच्या कुटुंबांचा एक संघ असतो. महिन्याची यादी आधी भरून द्यायची, सगळ्यांचा माल एकत्र येतो आणि आपणच पाळीपाळीने तो मोजून वाटून घ्यायचा. लोक विचारतात, सुपरमार्केटपेक्षा स्वस्त पडतं का? काही वस्तू पडतात, काही नाही. माझ्या मते खरा फायदा यादीचा आहे. महिनाभर आधी, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून लिहिलेल्या यादीत एकावर एक फ्री मिळणारा कॉर्नफ्लेक्स येत नाही.

एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस वही बंद करायला लागतो. पण मोठा आकडा अजून राहिलाय.

आम्ही डोंबिवली निवडली ती भाड्यासाठी नव्हे. माझी आई दोन गल्ल्या सोडून राहते. बाबा गेल्यापासून एकटीच आहे. सकाळी साडेसहाला ती आमच्याकडे येते, मुलीला उठवते, शाळेत सोडते, आणते, जेवू घालते, झोपवते, आणि मी घरी येईपर्यंत थांबते. आमच्या भागात दिवसभराच्या पाळणाघराला ७ ते ८ हजार पडतात. वर नाश्त्याचे वेगळे, सुट्टीत शिबिराचे वेगळे. शिवाय ताप आलेलं मूल पाळणाघर घेत नाही, म्हणजे त्या दिवशी आपली रजा, आणि रजा संपल्या की बिनपगारी. हे सगळं धरून महिन्याला दहा हजार तरी लावावे लागतील. भाड्यातले अठरा आणि हे दहा. तिसातले अठ्ठावीस झाले. आमची शिस्त, आमची वही, आमचं नियोजन म्हणून जे काही आहे, ते उरलेल्या दोन हजारांत.

तेव्हा 'तुम्ही फार काटकसरी हो' असं कोणी कौतुकाने म्हटलं की मला अवघडल्यासारखं होतं. पाळणाघराचे पैसे आमच्याकडे उरतात, कारण ते आई देते. तिचं भजनी मंडळ दुपारी तीनला असायचं. त्याच वेळी नात झोपते, म्हणून ते सुटलं. गुडघे दुखतात, पण फिजिओथेरपीची वेळ शाळा सुटण्याच्या वेळेवर येते म्हणून दोनदा पुढे ढकलली. पुण्यातला भाऊ बोलत नाही काही, पण त्याच्या मुलांना आजी रविवारी व्हिडिओवर दिसते, आणि दिवाळीत वहिनी एकदा हसत हसत म्हणालीच, 'तुमचं बरंय ताई.' बरंच आहे.

आईला पैसे द्यायचा प्रयत्न केला तर तिला राग आला. मग न विचारता दर महिन्याला तिच्या खात्यात ४ हजार टाकायला लागलो. तिने ते पोस्टात नेऊन नातीच्या सुकन्या समृद्धीत भरायला सुरुवात केली. मुलींच्या नावाने पैसे साठवायची ही सरकारी योजना २०१५ ची. वर्षाला किमान २५०, जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, पंधरा वर्षं भरायचे आणि खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत संपते. मधे मुलगी अठराची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. जानेवारी २०२४ पासून ८.२ टक्के व्याज आहे. मी आईला सांगितलं, अगं हे तुझ्यासाठी होते. ती म्हणाली, मग माझ्यासाठीच तर भरतेय. तिच्याशी या विषयावर बोलून काही उपयोग नाही. आता आम्ही तिच्या मेडिक्लेमचा हप्ता परस्पर भरतो. त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला, तेवढाच आधार. शिवाय गेल्या महिन्यापासून मी बुधवारी घरून काम मागून घेतलंय. त्या दिवशी आई आमच्याकडे यायचं नाही, असं ठरलंय. ती येते, पण फिजिओथेरपीला जाऊन मग येते.

राहिला घराचा प्रश्न, कारण तीस हजार ऐकले की पुढचा प्रश्न तोच असतो. ६० लाखांचा फ्लॅट धरा. एवढ्या कर्जाच्या टप्प्यात बँक ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे १२ लाख आपले. स्टँप ड्युटी सहा-सात टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, नोंदणीचे ३० हजार. हे सहसा कर्जात बसत नाही. म्हणजे दारात उभं राहायलाच जवळपास १६ लाख रोख हवेत. महिन्याला ३० हजारांनी साडेचार वर्षं लागतील, भाव तोवर तिथेच थांबले तर. आम्ही घाई करत नाही. लोकांना त्याचंही आश्चर्य वाटतं.

तर चुलतभावा, तू विचारलंस ना की स्टेशनजवळ घर बघू का? तुझे आई-बाबा नाशिक सोडून येणार नाहीत, आणि त्यांनी यावं असा आग्रहही धरू नकोस. तेव्हा माझी गोष्ट तुझ्या उपयोगाची फारशी नाही. तुझ्या हिशेबात पाळणाघराचे दहा हजार पहिल्या ओळीत लिही आणि मगच भाडं किती परवडतं ते ठरव. घर बघायच्या आधी पाळणाघर बघ. संध्याकाळी कितीपर्यंत मुलं ठेवतात, गाडी लेट झाली तर अर्ध्या तासाचे जादा किती घेतात, दिवाळीत किती दिवस बंद असतं, हे विचार. मग त्या पाळणाघरापासून चालत पाच मिनिटांवर घर शोध. स्टेशनला रिक्षाने गेलास तरी चालेल. शेअर रिक्षा मिळतात.