तुम्ही विचारलंत म्हणून: क्लास कुणाला लावायचा?

"मुलीला संगीताचा क्लास लावायचाय. कुठलं वाद्य, कुठलं वय?" असे पालकांचे फोन मला येतात. मी व्हायोलिन शिकवते, म्हणून सगळ्याच वाद्यांचं मला कळतं असा लोकांचा समज आहे. पाचेक मिनिटं मुलीबद्दल बोलणं होतं. फोन ठेवायची वेळ येते आणि समोरचा आवाज जरा खाली येतो. "आणि हो... आता माझ्या वयात काही जमेल का?"

हा दुसरा प्रश्नच खरा असतो, असा माझा संशय आहे. पण आधी पहिला घेऊ.

गाण्याला वयाची अट नाही. वाद्याला थोडी आहे, तीही बरीचशी शरीराच्या मापाची. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि त्याहूनही लहान मापात मिळतं, म्हणून चार-पाच वर्षांचं मूलही ते धरू शकतं. (अर्धं व्हायोलिन लांबीला अर्धं नसतं, थोडंसंच लहान असतं. दुकानात गोंधळू नका.) "वाढत्या अंगाचं" म्हणून मोठं वाद्य घेऊ नका, मनगट वाकडं पडतं आणि ते सरळ करण्यात वर्ष जातं. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट हवा असेल तर पुढचे पक्के दात येऊ द्या, म्हणजे साधारण सात-आठ वर्षं. बासरी खालच्या पट्टीची असेल तर भोकं लांब लांब असतात, लहान बोटं पोचत नाहीत. गिटारला सुरुवातीला नायलॉनच्या तारा बऱ्या, स्टीलच्या तारांनी बोटांची टोकं दुखतात आणि मूल पंधरवड्यात गिटार टाकतं. गाणाऱ्या मुलाचा आवाज फुटायला लागला तर गाणं बंद करू नका, पट्टी खाली घ्या आणि जोर लावू देऊ नका. जुन्याच पट्टीचा हट्ट धरणारे शिक्षक असतील तर सरळ दुसरे बघा.

आता शिक्षक. क्लास ठरवण्याआधी दुसऱ्या कुणाचा तरी एक तास बसून बघायची परवानगी मागा. तिथे दोनच गोष्टी पाहा. तासाभरात शिक्षक किती वाजवतात आणि शिकणारा किती? आणि चूक झाली की काय होतं? "पुन्हा पहिल्यापासून" म्हणणाऱ्यांकडे मूल सुरुवात छान वाजवायला शिकतं, अडतं मात्र तिथेच. चांगला शिक्षक अडलेला तुकडा बाजूला काढतो, लय निम्मी करतो, चार वेळा नीट वाजवून घेतो आणि परत जागेवर बसवतो. परीक्षा, प्रमाणपत्रं, वर्षाच्या शेवटचा कार्यक्रम यांबद्दल माझं फारसं मत नाही, असले तरी चालतात. ऑनलाइन तासात आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही. शिवाय नवशिक्याचा अंगठा कुठे चुकतोय ते पडद्यावर नीट दिसत नाही. निदान पहिले काही महिने समोर बसून शिकावं.

एवढं सगळं नीट निवडूनही क्लास फुकट जाऊ शकतो. माझ्या घरातच गेला. मुलगा दोन वर्षं तबल्याला जात होता, शिक्षक चांगले, मुलाला हौसही होती, पण हात बसेना. मी शिक्षकांकडे तक्रारसुद्धा करून आले. मग एक दिवस स्वच्छता करताना लक्षात आलं: तबला खोळीत, खोळ कपाटावर, आणि कपाटावरचं काढायला स्टूल. आठवड्यातून एक तास बाहेर आणि उरलेले सहा दिवस हे असं. तबला बैठकीच्या कोपऱ्यात उघडा ठेवला तेव्हा तो येताजाता ठेका धरायला लागला. तक्रार केल्याची मला अजून लाज वाटते.

म्हणून हल्ली मी उलट विचारते, उरलेले सहा दिवस घरी काय होणार? रोज पंधरा मिनिटं कुणी शेजारी बसणार आहे का? रविवारी सलग दोन तास बसून ती भरपाई होत नाही.

शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) या जपानी व्हायोलिनवादकाने हे फार आधी ओळखलं होतं. प्रत्येक मूल मातृभाषा बिनचूक शिकतं, कारण ती घरात सतत कानावर पडते, मग संगीत तसं का शिकू नये, असा त्यांचा सवाल. त्यांच्या पद्धतीत आधी पालक थोडं वाद्य शिकतात. मोठे कलाकार व्हायला नाही, तर घरी मुलाला सोबत करायला. आणि मघाच्या खालच्या आवाजातल्या प्रश्नासाठी सांगते, सुझुकींनी स्वतः व्हायोलिन हातात घेतलं ते वयाच्या सतराव्या वर्षी.

सतरा म्हणजे काही पंचेचाळीस नव्हे, हे मान्य. मोठ्यांची अडचण बोटांची कमी आणि कानांची जास्त असते. मुलाला आपण बेसूर वाजवतोय हे कळत नाही, ते मजेत वाजवतं. तुम्ही तीस-चाळीस वर्षं चांगलं ऐकलेलं असतं, त्यामुळे स्वतःचा पहिला स्वर ऐकून तोंड वाकडं होतं. व्हायोलिनमध्ये तर स्वराची जागा दाखवणारी खूण किंवा गिटारसारखी आडवी पट्टीही नसते, ती बोटाने शोधायची. मी गाणं शिकायला लागले ते चव्वेचाळिसाव्या वर्षी, नऊ वर्षांच्या मुलींच्या शेजारी बसून, आणि पहिले कितीतरी दिवस दार लावून रियाज केला. पण सावकाश का वाजवायचं, हे मोठ्या माणसाला एकदा सांगितलं की कळतं. मुलाला ते शंभरदा सांगावं लागतं.

परवा एका बाईंनी विचारलं, "मुलीच्या तासाला मी मागे बसले तर चालेल का?" म्हटलं, मागे नको, शेजारी बसा. आणि येताना तुमच्या मापाचं व्हायोलिन आणा.