देवमासे मोजणाऱ्या बोटीवर : मालवण ते निवती

फेब्रुवारीत मालवणहून देवमाशांच्या सर्वेक्षणाच्या बोटीवर निरीक्षक म्हणून गेले होते. परत आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "किती दिसले?" काम हंगामी आहे आणि दर हंगामाला नवी माणसं लागतात, म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवते. नुसता देवमासा बघायची हौस असेल तर जाऊ नका. बहुतेक वेळ रिकामं पाणी बघायचं असतं आणि जे काही बेताचं मानधन मिळतं ते त्याचंच.

अमेरिकेत हे काम विमानातून चालतं. डिसेंबर ते मार्च जॉर्जिया-फ्लोरिडाच्या किनाऱ्याला राइट व्हेलच्या माद्या पिल्लं घालायला येतात. ही जात आता जेमतेम पावणेचारशेच्या आसपास उरली आहे. छोटं विमान साधारण १,००० फुटांवरून सरळ रेषेत जातं, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांशी एकेक निरीक्षक. मासा दिसला की वर घिरट्या घालून त्याच्या डोक्यावरच्या खडबडीत चट्ट्यांचे फोटो काढतात, कारण प्रत्येकाचे चट्टे वेगळे. मग आसपासच्या जहाजांना कळवतात. ऐकायला छान वाटतं, पण जानेवारी २००३ मध्ये असंच एक विमान फ्लोरिडाजवळ समुद्रात कोसळलं आणि चौघं गेले. त्यामुळे "विमान नाही का?" असं कुणी विचारलं की मला आमची डुगडुगणारी बोटच बरी वाटते.

पद्धत मात्र तीच. नकाशावर आधी आखलेल्या रेषा, त्यांवरून ठरावीक वेगाने बोट न्यायची. आम्ही केबिनच्या टपावर बसायचो. समोरचा अर्धा समुद्र दोघांत वाटलेला, डावीकडचा एकाचा, उजवीकडचा दुसऱ्याचा, तिसरा नोंदी लिहिणार. अर्ध्या तासाने जागा बदलायच्या, नाहीतर डोळे उघडे असूनही काही दिसेनासं होतं. काही दिसलं की रेषेपासूनचा कोन आणि अंतर टिपायचं. अंतर दुर्बिणीतल्या रेघांवरून काढतात. त्यासाठी तुमचे डोळे पाण्यापासून किती उंचीवर आहेत ते पहिल्याच दिवशी टेपने मोजतात, तेव्हा हसू नका. रेषेजवळचे प्राणी जास्त दिसतात, लांबचे निसटतात. ते किती निसटले असतील याचा अंदाज या अंतरांवरूनच बांधतात. आणि ज्या रेषेवर काहीच दिसलं नाही तीही लिहायची, नाहीतर दिसलेल्या प्राण्यांना एकूण किती लांबीच्या रेषेने भागायचं?

सकाळी मतलई वारा असतो तोवर समुद्र सपाट. अकराच्या सुमाराला खारे वारे सुटले आणि लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस वाढायला लागला की संपलं. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापाने वारा ३ च्या वर गेला की नोंदी थांबवायच्या, कारण फेसात पाठ कोणती आणि लाट कोणती ते कळत नाही. म्हणून अंधारातच बंदर सोडावं लागतं.

देवबागच्या खाडीच्या तोंडाशी गादे, म्हणजे डॉल्फिन, हमखास असतात. आमचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, एरवी पर्यटकांना तेच दाखवतात, त्यामुळे बोट सवयीने तिकडे वळायची. वळवू द्यायची नाही. रेषा मोडली की आकडा बिघडला. पण बघायचं कसं ते मला त्यांनीच शिकवलं: "गो बाय, पाण्यार नको बघू. पक्षी खंय फिरतत ता बघ."

तसंच झालं. निवतीच्या बाहेर, पंधरा वाव खोलीच्या पुढे (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट), सुरय पक्ष्यांचा थवा एका जागी पाण्यात सूर मारत होता. खाली पेडव्यांची, म्हणजे छोट्या मासळीची, झुंड असणार. मग फवारा, आणि काळपट पाठ बराच वेळ सरकतच राहिली, शेवटी मागच्या बाजूला कोयत्यासारखा वळलेला छोटा पर. दुसऱ्यांदा जवळ वर आला तेव्हा डोक्यावरचे तीन लांबट उंचवटे दिसले. ब्रायडीज व्हेलची हीच खूण, तिच्यासारख्या दिसणाऱ्या इतर देवमाशांना सहसा मधला एकच असतो. शेपटी वर येईल म्हणून कॅमेरा रोखून बसू नका, हा सहसा शेपटी दाखवत नाही. तो गेला त्या जागी पाण्यावर गुळगुळीत चकत्या उमटत गेल्या. वासही आला, कुजक्या मासळीचा.

निळा देवमासा आम्हाला दिसला नाही. सिंधुदुर्गाजवळ २०१५ मध्ये त्याची नोंद झालेली आहे. सगळ्यांना आशा असते ती अरबी समुद्रातल्या हंपबॅक जातीच्या देवमाशांची. हे इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारमाही इथेच. ओमानच्या किनाऱ्यावर शंभराच्या आतबाहेरच असावेत असा अंदाज आहे. ठावठिकाणा उपग्रहाला कळवणारं यंत्र लावलेली लुबान नावाची मादी २०१७ च्या अखेरीस तिकडून समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्याला आली होती. म्हणजे कोकणासमोर फवारा दिसला तर तो कुणाचा हे नीट बघायलाच हवं.

आता कामाचं. कुडाळला उतरून एसटीने मालवण, हे सगळ्यात सोपं. उलटीची गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. न्याहारीला सुके घावणे, तेलकट काही नको. दुर्बीण ७×५० चीच, जास्त ताकदीची हलत्या बोटीवर निरुपयोगी. पोलराइज्ड गॉगल, दोरीची टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पेन नको पेन्सिल. आधार कार्ड जवळ ठेवा, सागरी पोलिसांची गस्त विचारते. बायकांसाठी स्पष्ट सांगते, मच्छीमारी बोटीवर संडास नसतो. ताडपत्रीचा आडोसा आणि बादली यांची सोय आदल्या दिवशीच ठरवून घ्या. लाजून पाणी न पिणं या उन्हात महागात पडतं.

किनाऱ्यावर जिवंत देवमासा लागलेला दिसला तर वन खात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. तोवर ओली कापडं टाका, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका आणि गर्दी लांब ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेलं पिल्लू एवढी खटपट करून खोल पाण्यात नेलं, तरी वाचलं नाही. मेणासारखा गोळा सापडला तर उचलू नका. ते अंबरग्रीस असू शकतं, म्हणजे स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ, आणि ते बाळगणं गुन्हा आहे.

आणि जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला व जाळं कापून सोडला, तर राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी सोडतानाचे फोटो लागतात. तांडेलांना हे बहुधा ठाऊक असतं, खलाशांना नसतं. परतीच्या वाटेवर वेळ भरपूर असतो, तेव्हा सांगा, आणि मोबाइल कोरड्या पिशवीत ठेवायलाही सांगा.