मनोरीच्या खाडीवर एकादशीची गरवणी

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे पाचला मी मासे पकडायला गरी (म्हणजे गळ) आणि दोर घेऊन घराबाहेर पडत होतो, आणि नेमकी त्याच दिवशी एकादशी होती. आई देवघरातून म्हणाली, "वर्षात दुसरा दिवस नव्हता का तुला?" होते की, पण हा मुद्दाम निवडलेला होता. शेजारचे नाना गेली तीसेक वर्षं गरवतात. त्यांचा हिशेब पंचांगावर चालतो. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती पुरी होणार. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मी मोबाईलवरही बघून घेतो. ते नानांना आवडत नाही.

वेळेइतकीच पाण्याची ओढही बघावी लागते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा खाडीचं पाणी असं धावतं की दोराला वजनासाठी बांधलेलं शिसं तळाला टेकतच नाही, वाहत पुढे जातं. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, पाणी त्यामानाने शांत. नवख्याने हेच दिवस धरावेत. मी पहिल्यांदा गेलो होतो ते पौर्णिमेला, आणि तासाभरात चार गऱ्या दगडांना वाहून रिकाम्या हाताने परत आलो होतो.

जायचं कसं, तर मुंबईत मालाड पश्चिमेहून मार्व्याची बस, आणि मार्व्याहून मनोरीला फेरीबोट. बोटीतला प्रवास काही मिनिटांचाच. सुट्टे पैसे जवळ ठेवा. सकाळच्या बोटीत आपण, दोन सायकली, भाजीच्या पाट्या आणि कुणाची तरी मोटारसायकल असे सगळे सहप्रवासी असतात. उतरल्यावर बोटी लागतात त्या जागी गरवायला बसू नका. बोटवाले ओरडतात आणि त्यांचं बरोबरच आहे. थोडं बाजूला जा, आणि जवळ कुणाचं जाळं लावलेलं असेल तर आधी विचारा. कोळ्यांचं पोट त्या खाडीवर आहे, आपली ती हौस.

सामानाला फार खर्च नाही. पन्नासेक मीटर तंगूस (नायलॉनचा दोर), दोन-तीन शिशाचे तुकडे, लहान गऱ्या डझनभर (हरवणारच आहेत), एक पक्कड आणि जुनं फडकं. काठी-रीळ असेल तर आणा, पण नाना तंगूस पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळून आणतात आणि माझ्या रिळापेक्षा जास्त मासे काढतात. आमिषाला आदल्या संध्याकाळची कोळंबी, सालासकट. सोललेली पहिल्याच चाव्यात गळून पडते.

साडेसहाला दोर पाण्यात पडला तेव्हा पलीकडचा काठ नीट दिसतही नव्हता. आणि आता ज्यासाठी मी आठवडाभर थांबतो ते. तंगूस तर्जनीवरून घ्यायचा, हलका ताणून. पाण्याची ओढ सलग असते, बोटाला ती पाच मिनिटांत सवयीची होते. मग त्या सलग ओढीत काहीतरी वेगळं लागतं. खेकडा आमिष कुरतडत असेल तर बारीक खरखर, आणि दोर हळूहळू जड होत जातो. शेंगाळा मासा एकदम गिळून चालू लागतो. करकरा मात्र आधी दोनदा टिचकी मारतो, थांबतो, आणि आपण "गेला वाटतं" म्हणेपर्यंत ओढतो. पहिले काही रविवार मला हे सगळं एकच वाटायचं. त्या दिवशी दुसरी टिचकी लागली आणि मी डोळे मिटून म्हणालो, "नाना, करकरा." नानांनी मान वळवलीही नाही. "बोलू नको, ओढ."

वर काढल्यावर तो खरंच करकरला. नाव उगाच नाही पडलं. हातात धरला की आतून दात घासल्यासारखा आवाज येतो, आणि तो तळहाताला आधी कळतो, कानाला नंतर. वीतभर मासा, रुपेरी, अंगावर काळसर ठिपके. आठवडाभर ऑफिसात माझं हे बोट फक्त माऊस दाबतं. त्या दोन तासांत त्याला काय काय कळत होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसराही करकराच. तिसरा शेंगाळा, आणि तिथे मी माती खाल्ली. उत्साहात फडकं विसरलो. शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, विषारी. बाजूचा अंगठ्याच्या बुडाशी घुसला. कळ कोपरापर्यंत गेली. नानांनी मला धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि भाजणार नाही इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायला लावलं. पाणी निवलं की बदलायचं. अर्ध्या तासाने ठणका बराच उतरला. उष्णतेने ते विष निकामी होतं, म्हणून बर्फ लावू नका. काटा आत तुटला किंवा सूज वाढली तर सरळ डॉक्टरकडे. गरी पकडीनेच काढावी, हे आता मला कुणी सांगायला नको. गरीला केंड लागला, म्हणजे तो फुग्यासारखा फुगणारा मासा, तर परत पाण्यात सोडा. तो खायचा नसतो, जीव जाऊ शकतो.

आणखी दोन गोष्टी. भरती पुरी झाली की पाणी थबकतं आणि मासाही थबकतो, तेव्हा खुशाल डबा उघडावा. आणि ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या चिखलात उतरू नये. मांडीपर्यंत रुततो, आणि आत कालवांच्या शिंपल्यांची धार असते. गोड्या पाण्याची हौस असेल तर पवई तलावावर गरवणाऱ्यांची जुनी संघटना आहे. तिथे सभासद होऊन रीतसर बसता येतं, पण तलावात मगरी आहेत, पाय सोडून बसू नका.

अकराला घरी पोचलो. करकरे साफ करून ठेवायला गेलो तर आई फ्रीजसमोर उभी. रविवारी एकादशी. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. मासे बर्फात, आणि मी कॅलेंडरसमोर. शेवटी बुधवारी रात्री तव्यावर पडले. आईने आधी नुसतीच चव बघितली, मग ताट पुढे केलं.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "शुक्रवारची तिथी बघ."